‘सगळं ग्रीन आहे’ म्हणजे नेमकं काय? जुन्या गाडीचा हिस्टरी रिपोर्ट असा वाचा

‘अहो काका, रिपोर्ट बघा ना, सगळं ग्रीन आहे.’

पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरने माझ्या मामांना हे ऐकवले आणि व्हॉट्सअॅपवर चार पानांची पीडीएफ पाठवून दिली. मामा इचलकरंजीचे. त्यांना घरच्यांसाठी एक छोटी पेट्रोल गाडी हवी होती. २०१८ची, एमएच ०८ पासिंगची, बाजारभावापेक्षा साधारण साठ हजारांनी स्वस्त. मामांनी पीडीएफ मला पुढे पाठवली, कारण मी इंजिनीअर आणि त्यातून बातमीदार, म्हणजे दुहेरी शहाणा. मी ऑफिसमध्येच ती वरवर चाळली. आरसी चालू, विमा चालू, पीयूसी चालू, बँकेचा बोजा नाही, चलन नाही, चोरीची नोंद नाही, अपघाताची नोंद नाही. प्रत्येक ओळीपुढे हिरवी टिकमार्क. ‘चांगली दिसतेय,’ असे मी कळवून टाकले. मामांनी पाच हजारांचे टोकन दिले.

नशीब असे, की पैसे पूर्ण देण्याआधी मामा ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन पुन्हा पुण्याला आले. मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. रोज दिसणारा पट्टा स्वच्छ काळा होता. एरवी आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर भागावर मात्र मातकट रेघ होती. मग सीटखालच्या रुळात बोट घातले, तर बारीक वाळलेला गाळ निघाला. गाडी पुरात उभी राहिलेली होती. टोकन बुडाले, पण पुढचे साडेचार लाख वाचले.

त्या रात्री मी तीच पीडीएफ पुन्हा उघडली. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, सगळे त्यात लिहिलेले होते. फक्त ते टिकमार्कांत नव्हते, तारखांमध्ये होते.

रिपोर्टमध्ये माहिती येते कुठून?

जुन्या गाडीचा ‘हिस्टरी रिपोर्ट’ म्हणून आपल्याकडे दोन गोष्टी चालतात. एक, केंद्राच्या ‘वाहन’ या नोंदणीच्या डेटाबेसमधली माहिती, जी परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की दिसते. मालकाचे नाव अर्धे झाकलेले, नोंदणीची तारीख, इंधन, मालकाचा अनुक्रमांक, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव, काळ्या यादीची नोंद. दुसरी गोष्ट म्हणजे खासगी कंपन्या काहीशे रुपयांत विकतात तो रिपोर्ट. त्यात हीच माहिती असते, शिवाय चलने आणि जिथून मिळेल तिथून सर्व्हिसच्या व विम्याच्या नोंदी.

‘जिथून मिळेल तिथून’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी गेली तर नोंद झाली. गल्लीतल्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून रोख पैसे दिले तर जगात कुठेही नोंद नाही. विम्याचा दावा केला तर विमा कंपनीकडे कागद आहे, पण तो रिपोर्ट बनवणाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यामुळे ‘अपघाताची नोंद नाही’ या ओळीचा अर्थ ‘अपघात झाला नाही’ असा होत नाही. ‘आम्हाला कोणी सांगितले नाही’ एवढाच होतो. हिरवी टिकमार्क ही माहिती सापडल्याची असते आणि न सापडल्याचीही असते. दोन्हींचा रंग एकच, आणि माझ्या मते हा या रिपोर्टांचा सगळ्यात मोठा दोष आहे.

म्हणून पहिले काम, विकणाऱ्याने पाठवलेली पीडीएफ बाजूला ठेवायची. पीडीएफमधला आकडा बदलायला दहावीतला मुलगाही पुरतो. नंबर स्वतः टाकून माहिती स्वतः काढायची, आणि ती त्याच दिवशीची हवी. तीन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात नसलेले चलन किंवा काळ्या यादीचा शेरा आज लागलेला असू शकतो.

किलोमीटरचा आकडा पटतो का?

मीटर मागे फिरवणे हा या धंद्यातला सगळ्यात जुना उद्योग. पूर्वी त्यासाठी डॅशबोर्ड खोलून गिअरची चाके फिरवावी लागत. डिजिटल मीटर आल्यावर हे बंद होईल असे अनेकांना वाटले होते. झाले उलटे. आकडा मीटरच्या आतल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही याच जातीच्या चिपवर आकडे लिहीत आणि पुसत असू. त्याला लागतो एक लॅपटॉप, एक स्वस्तातला प्रोग्रॅमर आणि अर्धा तास. जुन्या चाकांच्या मीटरमध्ये निदान अंक वाकडेतिकडे बसायचे आणि चोरी दिसायची. आता तेही नाही.

रिपोर्टमध्ये सर्व्हिसच्या नोंदी असतील तर आकडा बघू नका, वेग बघा. समजा नोंदी अशा आहेत: जून २०१९ ला ११ हजार किमी, जुलै २०२० ला १९ हजार, ऑगस्ट २०२१ ला ३३ हजार, सप्टेंबर २०२२ ला ४७ हजार. त्यानंतर एकही नोंद नाही, आणि आज २०२५ मध्ये मीटर दाखवतो ५१ हजार. कुठेही आकडा मागे गेलेला नाही, त्यामुळे रिपोर्ट म्हणेल ‘विसंगती नाही’. पण दरवर्षी १२ ते १४ हजार धावणारी गाडी (२०२०च्या लॉकडाउनच्या वर्षातही आठ हजार) अचानक तीन वर्षांत चारच हजार धावली? होऊ शकते. मालक परदेशी गेला असेल, घरून काम सुरू झाले असेल. पण मग त्याने ते सांगावे, आणि त्याच्या सांगण्याला काहीतरी आधार असावा.

आधार कुठे मिळतो? फास्टॅगचे स्टेटमेंट. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून प्रत्येक नाक्याची तारीख-वेळ मालकाच्या फास्टॅग खात्यात पडून असते. ‘गाडी फक्त बाजारहाटाला वापरली’ म्हणणाऱ्याचे स्टेटमेंट आठवड्यातून दोनदा द्रुतगती मार्गाचा टोल दाखवत असेल तर पुढचे बोलणेच खुंटते. जुना मालक खरा असेल तर स्टेटमेंट दाखवायला त्याला पाच मिनिटे लागतात. हा कागद मागायचे बहुतेकांना सुचत नाही, म्हणून तो आधीच तयार करून ठेवायचे विकणाऱ्यालाही सुचत नाही.

टायरही बोलतात. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. २०२१ च्या गाडीवर मीटर २२ हजार दाखवत असेल आणि चारही टायर २०२४ चे असतील, तर पहिले टायर २२ हजारांच्या आत कसे संपले, हे विचारायला हवे. त्याउलट २०१८ च्या गाडीवर २०१८ चेच टायर असतील तर मीटर खरा असण्याची शक्यता वाढते. टायर मात्र लगेच बदलायला लागतील.

‘फर्स्ट ओनर’ म्हणजे नक्की किती हात?

आरसीवर मालकाचा अनुक्रमांक १ आहे, म्हणजे गाडी एकाच हातातली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘कोऱ्या सह्यांचे टीओ फॉर्म’ हा शब्दप्रयोग अजूनही सर्रास ऐकू येतो. मूळ मालक गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो, तारीख आणि खरेदीदाराचे नाव कोरे. गाडी मग एका डीलरकडून दुसऱ्याकडे, तिथून एखाद्याच्या वापरात वर्षभर, पुन्हा बाजारात, अशी फिरते. ‘वाहन’मध्ये मालक तोच. चौथ्या हातातली गाडी कागदावर पहिल्या हातातली राहते.

कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. तसे न केल्याचा फटका विकणाऱ्यालाही बसतो. गाडी विकूनही नोंदणी नावावरच राहिली तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून डीलरसाठी वेगळे नियम आले. त्याच्याकडे परिवहन विभागाचे अधिकृतता प्रमाणपत्र हवे आणि गाडी ताब्यात आली की तसे ऑनलाइन कळवायचे. तसे कळवले की गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. डीलरकडे हे प्रमाणपत्र आहे का, हा एक साधा प्रश्न विचारून बघा. उत्तरापेक्षा चेहरा जास्त सांगतो.

अशी छुपी हातबदली रिपोर्टात पकडायची कशी? रिपोर्टातला मालक रत्नागिरी जिल्ह्यातला, पण चलने सगळी पिंपरी-चिंचवडची. किंवा पीयूसी सलग तीन वेळा वेगवेगळ्या शहरांत काढलेली. माणूस एका जागी आणि गाडी दुसऱ्या जागी दिसत असेल तर मधे कोणीतरी आहे. त्या कोणीतरीने गाडीचे काय केले, हे तुम्हाला कोणीच सांगणार नाही. अशा वेळी मूळ मालकाशी फोनवर बोलायचा आग्रह धरावा. ‘ते आता बाहेरगावी असतात’ हे उत्तर पुरेसे नाही. फोन बाहेरगावीही लागतो.

आणखी एक बदल लक्षात ठेवण्यासारखा. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी पुढे खासगी करून विकली जाते. ते बेकायदा नाही, पण टॅक्सीची पाच वर्षे आणि घरच्या गाडीची पाच वर्षे यांत फरक असतो. टॅक्सीला ताशी ८० किमीची वेगमर्यादा घालणारे यंत्र बसवलेले असते. चाचणी घेताना गाडी मोकळ्या रस्त्यावर ८० ला अडकत असेल, तर कोणीतरी ते काढायला विसरला आहे.

विम्याच्या तारखा का बघायच्या?

आता मामांच्या त्या गाडीकडे. नोंदणी ऑक्टोबर २०१८. म्हणजे विम्याची मुदत दरवर्षी ऑक्टोबरमध्ये संपायला हवी. रिपोर्टात मुदत संपण्याचा महिना होता डिसेंबर. विम्याची वार्षिक तारीख सहसा हलत नाही, लोक वर्षानुवर्षे त्याच आठवड्यात नूतनीकरण करतात. ती हलली याचा अर्थ मधे खंड पडला. गाडी काही काळ विम्याविना होती, किंवा जुनी पॉलिसीच संपवली गेली.

दुसरी ओळ. मालकाचा अनुक्रमांक २, आणि सर्व्हिसच्या दोन नोंदींमध्ये भोक. मे २०२१ मध्ये चिपळूणला सर्व्हिस, आणि त्यानंतरची नोंद थेट एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात. मधल्या अकरा महिन्यांत गाडी जेमतेम नऊशे किलोमीटर धावलेली.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले होते. त्या दिवसांत टीव्हीवर ती दृश्ये पाहिलेल्या प्रत्येकाला हे आठवत असेल. मी तर ते व्हिडिओ आमच्या डेस्कवर बसून पाहिलेले. तरीही मे २०२१ आणि चिपळूण हे दोन शब्द एकत्र वाचताना माझ्या डोक्यात काही वाजले नाही, कारण शेजारी हिरवी टिकमार्क होती.

इथे एक खबरदारी. एमएच ०८ दिसले की गाडी पुरातली, असा अर्थ कोणी काढू नये. रत्नागिरी जिल्हा मोठा आहे आणि तिथल्या बहुतेक गाड्यांनी पाऊस पाहिला, पूर नाही. तसेच एमएच ०९ आणि एमएच १०, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांचे. तिथे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन पूर आले. पासिंगचा कोड फक्त कोणत्या तारखा नीट बघायच्या ते सांगतो.

पुरात बुडालेल्या गाडीचे पुढे काय होते? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त जात असेल तर विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात. गाडी मोडीच्या भावाने लिलावात जाते आणि तिथे ती विकत घेणारे बहुधा धंद्यातलेच लोक असतात. वायरिंग, सीटचे कापड, कार्पेट बदलले, वास मारला, की गाडी पुन्हा बाजारात. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. पण ‘टोटल लॉस’ हा विम्याचा हिशेब आहे, ‘निकामी’ हा कायद्याचा शब्द. या दोघांच्या फटीतून आरसी जिवंत राहते. ‘वाहन’वर स्थिती दिसते ‘चालू’.

टोटल लॉस म्हटले की चुरा झालेली गाडी डोळ्यांपुढे येते. तसे नसते. दहा लाखांची गाडी चार-पाच वर्षांची झाली की घसारा ५० टक्के, आयडीव्ही पाच लाख. त्याचे ७५ टक्के म्हणजे पावणेचार लाख. दोन एअरबॅग उघडल्या, समोरचे दोन दिवे, रेडिएटर आणि बॉनेट गेले की एखाद्या गाडीचे अंदाजपत्रक तिथवर पोहोचते. म्हणजे टोटल लॉसमधून दुरुस्त झालेली गाडी प्रत्येक वेळी कचराच असते असे नाही. पुराची गोष्ट वेगळी. पाणी आतल्या कनेक्टरमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्ये शिरलेले असते, गंज आतून चढत राहतो. गाडी सहा महिने सुरळीत चालते, मग एका पावसाळी रात्री घाटात दिवे जातात.

नो क्लेम बोनसवरूनही अंदाज येतो, पण इथे बरेच लोक फसतात. दावा न केल्यास हा बोनस २० टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो. सहा वर्षांच्या एकहाती गाडीच्या पॉलिसीवर तो शून्य किंवा २० असेल तर अलीकडे दावा झाला आहे किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद होती. मात्र हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली की नवा मालक शून्यापासून सुरू करतो. मामांच्या गाडीवर तो शून्यच होता आणि डीलरचे स्पष्टीकरण तयार होते: ‘सेकंड ओनर ना काका, झिरोच येणार.’ खरे होते. म्हणूनच सध्याची पॉलिसी पुरत नाही, आधीच्या मालकाची शेवटची पॉलिसी मागायची. ती मिळत नसेल तर ती का मिळत नाही, हाच खरा रिपोर्ट.

बोजा, चलन आणि परराज्य

या गोष्टी त्यामानाने सोप्या, कारण त्या रिपोर्टात धडधडीत दिसतात. बँकेचे नाव दिसले तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. अनेकदा कर्ज फिटलेले असते पण बोजा उतरवायचा आळस झालेला असतो. तरी उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि एनओसीचा कागद हातात आला तरी बँकेच्या शाखेला फोन करावाच. चलने राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या ई-चलन पोर्टलवर अशी दोन्हीकडे बघावीत. एका जागी शून्य आणि दुसऱ्या जागी सात, असे होते.

दिल्लीतली जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणारे आपल्याकडे बरेच. तिथे हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर पडू लागल्या. पुढे त्यात न्यायालयीन सवलतीही आल्या. स्वस्ताईत महाराष्ट्राचा रस्ता कर, मूळ आरटीओची एनओसी आणि नव्या नोंदणीचा खर्च मिळवला की किती स्वस्त उरते, ते कागदावर मांडून बघावे. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नवी नोंदणी घ्यावीच लागते.

आणि एक तारीख, १ एप्रिल २०२०. या दिवसापासून बीएस-६ लागू झाले. रिपोर्टात नोंदणी त्यानंतरची आणि उत्सर्जन मानक बीएस-४ असेल तर थांबा. लॉकडाउनपूर्वी विकल्या गेलेल्या काही गाड्यांना न्यायालयाने नंतर नोंदणीची मुभा दिली होती, त्यामुळे खुलासा असू शकतो. पण तो कागदावर हवा.

नंबर खरा, गाडी दुसरीच

सगळ्यात धोकादायक प्रकारात रिपोर्ट शंभर टक्के खरा असतो. टोटल लॉस झालेल्या गाडीची आरसी आणि चेसिस नंबर घ्यायचा, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर तो नंबर ठोकायचा. पोर्टलवर नंबर टाकला की सगळे जुळते, कारण तो नंबर खऱ्याच गाडीचा आहे. चोरीच्या गाड्यांची माहिती देणाऱ्या एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत बघितले तरी काही सापडत नाही. चोरी झाली ती वेगळ्या नंबराची.

म्हणून रिपोर्ट हातात घेऊन गाडीजवळ जायचे. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरे उत्पादक सांगतात: एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमएटी म्हणजे टाटा, एमए१ म्हणजे महिंद्रा. पत्र्यावर ठोकलेला नंबर, कंपनीच्या पट्टीवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर असे तिन्ही जुळवा. ठोकलेल्या जागी रंग वेगळा, वेल्डिंगची कड किंवा अंक ओळीत नसतील तर निघून या, वाद घालत बसू नका. काचांवर आणि सीटबेल्टच्या पट्टीवर उत्पादनाची खूण असते, ती गाडीच्या वर्षाशी मिळायला हवी. एखादीच काच वेगळ्या सालची असेल तर त्या बाजूचा दरवाजा नीट बघा. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला तर अनेक गाड्यांच्या ईसीयूमधून चेसिस नंबर वाचता येतो. तो खोडणे हातोडी-छिन्नीच्या आवाक्यातले नाही. स्कॅनरचे पाच-सातशे रुपये त्या हिरव्या पीडीएफपेक्षा कितीतरी उपयोगी.

खरेदीदारानेच हेरगिरी का करायची?

हा सगळा खटाटोप वाचून कोणी म्हणेल, की साडेचार लाखांची गाडी घ्यायला माणसाने गुप्तहेर व्हायचे का? रास्त तक्रार आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ हा किलोमीटरचा दाखला देणे सक्तीचे आहे. गॅरेजला आलेल्या प्रत्येक गाडीचा आकडा तिथे नोंदवावा लागतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत मीटरचा आकडा लिहिला जातो आणि तो कोणालाही फुकट बघता येतो. अमेरिकेत विमा कंपन्यांना टोटल लॉस गाड्यांची माहिती राष्ट्रीय डेटाबेसला द्यावी लागते.

आपल्याकडे यासाठी नवीन काही उभारायचेही नाही. प्रत्येक गाडी पीयूसीला जाते, तिथे नंबरप्लेटचा फोटो काढला जातोच. त्याच वेळी मीटरचाही काढून ‘वाहन’वर खरेदीदाराला दाखवता येईल. टोटल लॉसचा निर्णय विमा कंपनी घेते, त्या दिवशी आरसीवर एक शेरा पडला पाहिजे. गाडी दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर यायला हरकत नाही, पण तो शेरा पुसता येऊ नये. विम्याची मुदत ‘वाहन’वर दिसते, म्हणजे दोन्ही व्यवस्था एकमेकींशी बोलतात. मग दाव्यापुरत्याच त्या गप्प का? खासगी रिपोर्ट विकणाऱ्यांनीही ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘नोंद स्वच्छ आहे’ यांना वेगळे रंग द्यावेत. त्याला कायद्याची गरज नाही, पाच मिनिटांचे प्रोग्रॅमिंग पुरते.

फसवणूक झालीच तर? डीलरकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोग, आणि त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यासाठी डीलरने दिलेला रिपोर्ट, व्हॉट्सअॅपवरचे संवाद आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा. ‘नॉन-अॅक्सिडेंटल, नॉन-फ्लडेड’ असे पावतीवर लिहून घ्या. लिहायला नकार आला तर तेही उत्तरच. घरगुती मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीला ग्राहक कायद्याचे हे संरक्षण सहसा मिळत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा पोलीस तक्रार उरते. आमच्या मामांनी पाच हजारांसाठी यातले काहीच केले नाही. पावतीच नव्हती.

दोन महिन्यांनी त्यांनी कोल्हापुरात दुसरी गाडी पाहिली. तिचा रिपोर्ट तसा अजागळ होता. मीटर ७१ हजार, दोन चलने थकलेली, बंपरचा एक दावा, आणि उतरवायचा राहिलेला बँकेचा बोजा. पण सर्व्हिसच्या सात नोंदी सरळ रेषेत चढत गेलेल्या, विम्याचा महिना नोंदणीचाच, आणि मालक स्वतः समोर बसून फास्टॅगचे स्टेटमेंट उघडून दाखवणारा. चलनांचे पैसे त्यानेच भरले, बोजा उतरवायला तीन आठवडे लागले. तोवर मामांनी उरलेली रक्कम दिली नाही आणि तो चिडलाही नाही.

गाडी आता इचलकरंजीत आहे. पन्नास हजार जास्त गेले, हे मामा अजून ऐकवतात. आणि कोणाच्याही गाडीत बसले, की सीटबेल्ट लावण्याआधी तो शेवटपर्यंत ओढून बघतात.